काठाला अख्खा दगड

रविवार, बसमध्ये

आणि मी म्हणतो, गुडघे दुखतात तर दुखतात. जगात काय एकट्याचेच गुडघे आहेत? मला नाहीत? दिवसभर लोकांच्या न्हाणीघरात फरशी बसवताना मी काय झोपाळ्यावर बसलेला असतो? पण आमच्या घरात गुडघे म्हटलं की ते बाबांचेच. बाकीच्यांना जशी काही सरळ दांडकी बसवली आहेत.

हे सगळं काल ताईला फोनवर बोललो. तिने ऐकून घेतलं. ती ऐकून घेते तेच मला आवडत नाही. मग म्हणाली, "झालं बोलून? आता माझं ऐक." डॉक्टर म्हणतो दोन्ही गुडघे बदला. एका गुडघ्याचे एक लाख साठ हजार. बाबा म्हणतात एकच करा, डावा, उजवा चांगला आहे. दवाखान्यात राहण्याचं आणि औषधांचं भाऊजी बघणार. गुडघ्याचे पैसे मी द्यायचे, तेही या सोमवारच्या पुढच्या सोमवारपर्यंत, नाहीतर नंबर जातो.

माझ्याकडे तीन लाख तीस हजार आहेत. चार वर्षं खाण्यापिण्याचे हाल करून जमवलेत. ते व्हॅनचे आहेत. माझ्या खोलीत माझ्याच कामावरचा एकजण राहतो, त्याला सगळे जाड्या म्हणतात. घोरतो, पण हिशेबाला चोख आहे. आम्ही दोघं मिळून जुनी व्हॅन घेणार, फरशी कापायचं मशीन त्यात टाकणार आणि स्वतःची कामं धरणार. मग मुकादमाने कोणाच्या नावाने ओरडायचं ते त्याचं त्याने बघावं. माझा हिस्सा तीन लाख.

आता बाबांचे गुडघे गेले कुठे? तर म्हणे त्या रस्त्यावर. आमच्या घरात त्याला नुसतं 'तो रस्ता' म्हणतात. कॅलेंडरवर असतो, बिस्किटांच्या डब्यावर असतो, न पाहिलेल्यालाही माहीत असतो. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत बाबा म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणा. आला की तो रस्ता सांगायचा, आणि सांगून संपायच्या आत परत जायचा. अकरा वर्षं तिथल्या पदपथाला दगड बसवले म्हणतात. आणि काका एकदा ढोसून आला तेव्हा म्हणाला, "कसला रस्ता न्‌ कसलं काय! तुझा बाप कुठल्यातरी हॉटेलच्या मागे भांडी घासायचा आणि संध्याकाळी पत्ते कुटायचा. डब्यावरचं चित्र बघून गोष्टी सांगतो." बाबा समोरच बसले होते. काही बोलले नाहीत. खरा माणूस गप्प बसला असता का?

कामावर नऊ दिवस सुट्टी आहे, बिल्डरचे पैसे अडकलेत. म्हणून ठरवलं. त्या शहरात जायचं, तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी बघायचा. म्हाताऱ्याचं खोटं सापडलं तर एक पैसा देणार नाही. तसं ताईला सांगितलंही.

ती म्हणाली, "ते खोटं बोलले असले तरी गुडघे खरेच आहेत ना रे?"

बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बस हलतेय म्हणून अक्षर वाईट येतंय. तसं एरवीही वाईटच येतं.

मंगळवार

काल सकाळी पोचलो, अंग आंबलं म्हणून दिवसभर झोपलो. लॉजची खोली म्हणजे कपाटाला खिडकी पाडलीय. लॉजवाली बाई वही पुढे सरकवून म्हणाली, "एकटाच? सुट्टीला?"

"रस्ता बघायला आलोय."

"सगळे तोच बघायला येतात. मी बावीस वर्षांत एकदा गेले होते."

"मग?"

"पाय दुखले."

बाई शहाणी आहे. या शहरात आतापर्यंत भेटलेली एकमेव.

तर रस्ता. रुंद आहे, कबूल. इतका रुंद की पलीकडून नातेवाईक चालला असेल तर ओळख न दाखवायची सोय आहे. मधोमध झाडांच्या दोन रांगा, पण झाडंही सुखाने वाढू दिली नाहीत, कापून चौकोनी केलीत. पोरांना एका रांगेत बसवून एकाच न्हाव्याने भादरावं तशी दिसतात. दुकानांत वस्तू तीन आणि विकणारे सहा. एका काचेत नुसता एक बूट ठेवलाय. एकच! दुसरा बहुतेक पुढच्या वर्षी देतात.

लोक चालत नाहीत, फोटो काढतात. नवरा बायकोचा काढतो, बायको नवऱ्याचा काढते, मग दोघं मिळून मला म्हणतात, दादा, आमचा काढता का? काढला. मुंडकी उडवली. बघतील घरी जाऊन.

कॉफीचे तीन भाव आहेत. उभ्याने प्यायलात तर एक, आत बसलात तर दुसरा, बाहेर झाडाखाली बसलात तर तिसरा. म्हणजे सावलीचं भाडं. उभ्यानेच प्यायलो. कडूजहर.

एका हॉटेलाच्या दारात टोपीवाला दरवान होता. जरा थांबलो तर म्हणाला, "ओ, इथे उभं राहायचं नाही."

"पदपथ तुमच्या साहेबाचा आहे का?"

"पदपथ नाही. पण तुम्ही उभे राहिलात की दार तुमचं वाटतं."

हसला मेला. मीही हसलो असतो, पण मग तो जिंकला असता.

आता मुद्द्याचं. या रस्त्यावर मान वर केली की पहिलं काय दिसतं? छपरांवर दगडाच्या बायका उभ्या आहेत, हातात दिवे घेऊन, एकेक दोन माणसं उंच. एका इमारतीवर सोनेरी घड्याळ आहे, आमच्या सबंध घराएवढं. घुमट आहेत. आंधळ्यालाही चुकणार नाहीत. आणि बाबांनी यातलं एक, एक तरी कधी सांगितलं असेल तर शपथ.

ते काय सांगायचे? एका दुकानाच्या उंबऱ्याला पितळी पट्टी आहे, ती रोज सकाळी कोणीतरी लिंबू लावून घासतं. एका दाराशी जोड्यांचा चिखल खरवडायला लोखंडी साळिंदर बसवलंय. एके ठिकाणी भिंतीत खाली तळघराची जाळी आहे, तिच्यातून भाजत्या पावाचा वास येतो आणि थंडीत तिथे बोटं शेकता येतात. नाटकगृहाची खालची पायरी मधोमध झिजून वाटीसारखी झालीय. तिथल्या बायकांच्या मोज्यांना मागून शिवण असते. हे आलं की आई उठून आत जायची. आम्ही विचारायचो, बाबा, इमारती केवढ्या आहेत? म्हणायचे, "मोठ्या." बस. मोठ्या!

अख्ख्या दुनियेतला नावाजलेला रस्ता आणि हा माणूस सांगतो काय, तर साळिंदर. म्हणजे इथे आलाच नाही. काका दारुडा असेल, पण खोटारडा नाही.

दगडांबद्दलही लिहितो, तेवढं मला कळतं. बोंब आहे. पदपथाचे मधले दगड ठीक आहेत, पण भिंतीपाशी, पायऱ्यांपाशी, सगळ्या काठांना बोटभर तुकडे कोंबलेत, फाटक्या गादीत चिंध्या कोंबाव्यात तसे. पाय पडला की डुगडुगतात. मी शाळा सोडली त्या वर्षी बाबांनी घरामागचं अंगण करायला घेतलं होतं. मी काठाला असाच तुकडा लावला तर कानाखाली आवाज काढला. "काठाला अख्खा दगड. तुकडा करायचाच असेल तर आतल्या रांगेत घे. काठावरच्याला एका बाजूला शेजारी नसतो. तो दांडगाच पाहिजे." आमच्या अंगणात येणार कोण होतं? दोन कोंबड्या आणि दूधवाला. पण नाही, उचक, परत बसव. हाताला खोड लागली ती लागलीच. आजही न्हाणीघरात मी तुकडा आत घेतो आणि मुकादम ओरडतो की वेळ खातोस. बापाकडून मिळालेली इस्टेट एवढीच.

चुकलो, आणखी एक आहे. घर सोडलं त्या दिवशी बसपाशी आले. लोकांचे बाप पोराला घड्याळ देतात, निदान खिशात नोट कोंबतात. आमच्याने गुडघ्याला बांधायचे पॅड दिले. "रोज बांध," म्हणाले. बस सुटेपर्यंत तेवढंच. चार वर्षं बांधतोय. उजवा झिजून कागद झालाय, डावा अजून तसाच आहे. धड सारखे झिजतील असे तरी घ्यायचे.

बुधवार

टाचेला फोड. खोलीतच. लॉजवालीने बादलीत गरम पाणी आणि मीठ आणून ठेवलं आणि दारातून म्हणाली, "सांगितलं होतं."

जाड्याचा फोन.

"लेका, व्हॅनवाला शनिवारपर्यंतच थांबतोय. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो."

"सगळ्या व्हॅनवाल्यांना दुसरं गिऱ्हाईक असतं."

"तू तिकडे करतोयस तरी काय?"

"चालतोय."

"पैसे खर्चून? इथे मुकादम फुकट पळवतो की."

गुरुवार

परवा घड्याळाची बाजू केली, आज समोरची. फोडामुळे नाटकगृहापर्यंतच गेलो. पायरी बघायची होती. पायऱ्या कोऱ्या करकरीत, काळ्या दगडाच्या, कुठे वाटी नाही न्‌ बशी नाही. शेजारी एक म्हातारी वर्तमानपत्रं विकते. तिला विचारलं, "मावशी, इथली खालची पायरी झिजलेली होती का हो? जुनी?"

"कुठली पायरी?"

"ही. सगळ्यात खालची."

"चाळीस वर्षं बसते मी इथे. पायऱ्या बदलल्या खऱ्या मध्यंतरी. पण झिजलेली होती का ते काय माहीत. पायऱ्या कोण बघतं, बाळा? दिवे बघ ना वरचे. वीस रंगांचे आहेत."

दिवे बघितले. सुंदर आहेत म्हणे. माझं काम झालं. इथे चाळीस वर्षं बसणाऱ्या बाईला जी पायरी दिसली नाही ती बाबांना दिसली! साळिंदरही नाही. निदान मला दिसलं नाही, माणसांच्या पायांची इतकी गर्दी की खालचं काही दिसतच नाही.

दगडाच्या बायका मात्र या बाजूलाही आहेत. एकीचं नाक गेलंय. बरं झालं, फार वर होतं.

शुक्रवार

आज घरी फोन केला आणि म्हटलं बाबांना द्या. ताईला आश्चर्य वाटलं. मी सहसा त्यांना मागत नाही.

"बोल भिंगरी," बाबा म्हणाले. मी एका जागी ठरत नाही म्हणून लहानपणापासून हे नाव. "कुठून बोलतोयस? गाड्यांचा आवाज येतोय."

"तुमच्या रस्त्यावरून."

म्हणाले, "पाणी प्यायलास का? नाटकगृहाच्या पुढे भिंतीत खाली एक नळ आहे, कुत्र्यांसाठी केलेला. पाणी गार असतं. लाजू नको, बसायचं आणि प्यायचं."

"मी दुकानातून बाटली घेतो. बाबा, एक सांगा. छपरांवर काय आहे?"

"कुठल्या छपरांवर?"

"इथल्या. या रस्त्यावरच्या. काय आहे वर?"

"वर..." म्हणाले. विचार करत होते, श्वास ऐकू येत होता. "कौलं असतील की."

कौलं! दोन माणसं उंच बायका दिवे घेऊन उभ्या आहेत आणि म्हातारा म्हणतो कौलं. मी म्हटलं, "बरोबर, कौलंच आहेत." मुद्दामच म्हटलं. त्यांनाही बरं वाटलं असावं. मग म्हणाले, "काठ हलतात का रे?"

"हलतात."

"सगळे?"

"सगळेच्या सगळे. चिंध्या कोंबल्यासारखे तुकडे आहेत."

नंतर म्हणाले, "पॅड बांधतोस ना?" मी म्हटलं सुट्टीत कोण पॅड बांधतं. मग म्हणाले, "पैशाचं ताई बोलली असेल तर मनावर घेऊ नको. तुझं व्हॅनचं आहे ना काहीतरी. मी बसल्या बसल्या काय, निभावून नेईन." आणि फोन ताईला दिला.

ताई म्हणाली, "काय बोललास रे त्यांना? तोंड एवढंसं झालंय."

"रस्त्याबद्दल बोललो."

"मग चांगलं बोलायचं की."

नाटकी माणूस. निभावून नेईन म्हणे! हे असं म्हटलं की समोरच्याने विरघळायचं. मी नाही विरघळत. जाड्याला लगेच फोन करून सांगितलं, व्हॅनवाल्याला हो म्हण.

शनिवार

सोळा आणे काम झालं होतं. खोटं सापडलं, निर्णय झाला, उद्याच्या बसचं तिकीट काढलं. मग सकाळी चहा पिऊन गप लोळायचं की नाही? पण त्या 'सगळे?'ने डोकं उठवलंय. कुसळ बोचावं तसं. कारण खरं सांगायचं तर मी सगळा रस्ता बघितला नव्हता. गुरुवारी नाटकगृहापाशी परत फिरलो होतो, त्याच्या पलीकडचं त्या बाजूचं राहिलंच होतं. अर्धवट काम मला चालत नाही. शिवाय ताईला ठासून सांगता आलं पाहिजे.

म्हणून आज बसने दुसऱ्या टोकाला उतरलो आणि नाटकगृहाकडे चालायला लागलो. निघालो आणि एक जोराची सर येऊन गेली. आता या दगडांची मजा अशी की खाली पाणी शिरलं की डुगडुगणारा दगड पिचकारी मारतो. फोटोवाल्या बायकांच्या किंकाळ्या, नवऱ्यांच्या पाटलोणी, मला करमणूक होती. भिंतीच्या कडेकडेने मी चाललो होतो. माझीही उजवी पाटलोण पोटरीपर्यंत चिखल. शिव्या घालत घालत एका औषधाच्या दुकानावरून पुढे गेलो. दगडाला घातल्या, नगरपालिकेला घातल्या, मग व्हॅनवाला आठवला, त्याला घातल्या, आणि शिव्या संपल्या तेव्हा लक्षात आलं की बराच वेळ पिचकारी आली नाही.

थांबलो. काठावर पाय दाबून बघितला. हलेना. पुढचा, त्याच्या पुढचा. हलेना. जोर देऊन टाच मारली, माझा फोड फुटला, दगड ढिम्म.

खाली बघितलं. काठाला अख्खे दगड. ओळीने. तुकडे सगळे आतल्या रांगेत घेतलेले.

कोणीही केलं असेल. काठाला अख्खा दगड ठेवणारे जगात शंभर असतील, हजार असतील. हे मी तिथे उभा राहून स्वतःला सांगितलं आणि इथेही लिहितो.

पण सांधे कसे भरलेत ते बघायला पाहिजे होतं, म्हणून खाली बसलो. उकिडवं बसून दिसेना म्हणून गुडघे टेकले. टेकले तर नाकासमोर एक पितळी पट्टी. दुकानाचा उंबरा. इतकी चकचकीत की माझंच तोंड दिसलं, आडवं, येड्यासारखं. तिच्या पलीकडच्या दाराशी लोखंडी साळिंदर, कोपऱ्यात, पाठीवरचे काटे झिजून बोथट झालेले. माझ्यामागून पाय जात होते. मोज्यांना शिवणी नाहीत आता, ती फॅशन गेली असेल. उजव्या हाताला भिंतीत जाळी, तिच्यातून पावाचा वास. मी हात धरला. ऊब आहे.

मग मान वर केली. दगडाच्या बायका कुठे आहेत बघू म्हटलं. दिसेनात. त्या बाजूच्या सगळ्या दुकानांना कापडी छपरं आहेत, पुढे आलेली, पट्ट्यापट्ट्यांची. गुडघ्यावर बसलं की वर तेवढंच दिसतं. कापड. घड्याळ समोरच्या बाजूला आहे, पण मध्ये त्या भादरलेल्या झाडांच्या रांगा. अर्धा तास बसलो असेन. कौलंसुद्धा दिसत नाहीत.

अकरा वर्षं! अकरा वर्षांत एकदा उठून, रस्ता ओलांडून, पलीकडे जाऊन वर बघायला काय झालं होतं? कोणी पाय बांधले होते? असा माणूस जन्मात बघितला नाही.

एका दुकानातला माणूस बाहेर आला. "काय हरवलं का?"

"नाही."

"मग उठा ना. गिऱ्हाईक अडखळतंय."

उठायला गेलो तर उजव्या गुडघ्यात कळ आली, दगडावर टेकला होता ना उघडा. पंचवीस वर्षांचा नाही मी अजून आणि भिंत धरून उठलो. तो माणूस बघत होता. त्याला म्हटलं, "तुमच्या दाराशी साळिंदर आहे, माहीत आहे का?" तो म्हणाला, "कुठे?"

नळही सापडला. पाणी प्यायलो. गार आहे. त्यात विशेष काय, नळाचं पाणी गारच असतं.

संध्याकाळी जाड्याला फोन केला.

"व्हॅनवाल्याला नाही म्हण."

"काय? काल हो, आज नाही? मी त्याच्या दारात उभाय, लेका!"

"तिच्या इंजिनाचा आवाज बरोबर नाही."

"तू कधी ऐकलास आवाज?"

"आत्ता ऐकतोय. फोनमधून येतोय."

"इंजिन बंद आहे!"

"मग तर खरेदीच नको."

जाड्याने जे काय म्हटलं ते सगळं लिहीत नाही, वहीला ओल येईल. शेवटी म्हणाला, "तुझी अक्कल गुडघ्यात आहे." मग जरा थंडावला आणि म्हणाला, "घरचं काही आहे का? मग सगळे जातायत की थोडे राहतील? थोडे राहिले तर त्याची एक छोटी गाडी पण आहे." म्हटलं, उद्या सांगतो.

रविवार

बस दुपारची आहे. सकाळी परत गेलो. सांगायला कारण नाही. लॉजवाली म्हणाली, "अजून बघायचं राहिलं?" मी म्हटलं, तुम्हीही एकदा भिंतीच्या कडेने जाऊन बघा, पाय दुखले तर साळिंदरावर बसा. तिला वाटलं मी चढवून आलोय.

औषधाच्या दुकानासमोरून घरी फोन लावला. बाबांनीच उचलला, ताई दळणाला गेली होती.

"सगळे हलत नाहीत," मी म्हटलं.

"काय?"

"काठ. औषधाच्या दुकानापासून नाटकगृहापर्यंत एकही हलत नाही. काल पाऊस झाला, बघितले."

मला वाटलं आता सुरू होईल. बघ, सांगत होतो ना, काकाला सांग, ताईला सांग. मी तयारच होतो उत्तर द्यायला. बाबा म्हणाले, "नाटकगृहाच्या कितव्या दारापर्यंत?"

"दुसऱ्या."

"मग सगळे माझे नव्हेत. पहिल्या दारापर्यंत माझे. पुढचे माझ्या जोडीदाराचे. तो तिकडून यायचा, मी इकडून. पहिल्या दाराशी भेटलो आम्ही. तिथे बघ, आत दोन तुकडे शेजारी शेजारी आलेत. तेवढी चूक झाली. मोजताना त्याने एक सांधा जास्त धरला का मी, ते कधी कळलं नाही. उचकायला मुकादमाने वेळ दिला नाही."

चालत गेलो, फोन कानालाच. आहेत. काठाला अख्खे दोन दगड आणि आत दोन तुकडे, एकमेकांना चिकटून.

"आहेत," म्हटलं.

"हलतात?"

पाय देऊन बघितला. दोनदा बघितला. "नाही."

"बरं," म्हणाले. एवढंच. बरं! पंधरा वर्षं झाली इथून जाऊन. माणसाने या रस्त्यावरून काय लक्षात ठेवून न्यावं? तर दोन तुकडे. आणि आयतं श्रेय दारात आलं, घ्यायचं की नाही? तिथेही अर्धं परत पाठवलं. अशाने घरात कधी चार पैसे टिकतील का?

मग मी विचारलं, "हातोडी कुठल्या हातात धरायचात?"

"उजव्या. का रे?"

"काही नाही."

"डावा गुडघाच तेवढा वाईट आहे," लगेच म्हणाले, न विचारता. "उजवा छान चालतो. ताईलाही सांगितलंय मी."

तेव्हाच पकडलं. हातोडी उजव्या हातात असली की पुढे झुकताना भार पहिला उजव्यावर येतो. हे मला कोणी शिकवायला नको, माझा पॅड सांगतो. माझा उजवा तर चार वर्षं पॅड बांधूनही काल कळवळला. यांच्या वेळी पॅड कुठले, यांनी पोतं दुमडून त्यावर अकरा वर्षं काढली. डावा गेलाय आणि उजवा छान चालतो! शेंबडं पोरही फसणार नाही. म्हणजे मी आलो होतो ते काम शेवटी झालं. खोटं सापडलं. फोन ठेवला.

पलीकडे गेलो, रस्ता ओलांडून. झाडांच्या मध्ये उभा राहिलो आणि छपरांचा एक फोटो काढला, त्या दिवेवाल्या बायकांचा, नाक गेलेलीसकट. ताईला पाठवला आणि लिहिलं, म्हाताऱ्याला दाखव, म्हणावं ही कौलं बघा. मुंडकी उडवली नाहीत. शेजारी उभे होते ते म्हणाले आमचाही काढता का. काढला.

जाड्याला कळवलं, छोटी गाडीही नको. फोन बंद करून ठेवलाय.

बसमध्ये बसलो. उद्या सकाळी बँक उघडली की पहिलं काम. ताईला पाठवायचे: तीन लाख वीस हजार.